टेकडी किती पोखरली? एक ठिपका म्हणजे एक गुंठा. उपग्रहाचा फोटो असा वाचा

खाणपट्टा दोन एकरांचा आणि खड्डा पाच एकरांचा, अशी कुजबुज अनेक गावांत असते. पण टेकडी आधी केवढी होती, तोडायला कधी सुरुवात झाली, हे विचारलं की तोंडी सांगण्यापलीकडं कुणाकडं काही नसतं. या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मोबाईलवर फुकट बघायला मिळतं. उपग्रहांनी काढलेले जुने-नवे फोटो सगळ्यांसाठी खुले आहेत.

अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह १९७२ पासून जमिनीचे फोटो काढत आहेत. युरोपचा सेंटिनेल-२ हा २०१५ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये त्याला जोडीदार मिळाल्यापासून साधारण दर ५ दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपली जाते. सेंटिनेलच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपल्या हिशेबात जवळजवळ एक गुंठा! एक एकराची खदान म्हणजे चाळीसेक ठिपके. १९८०च्या दशकापासूनच्या लँडसॅटच्या फोटोत एक ठिपका ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा. त्यात मुरमाचा छोटा खड्डा दिसणार नाही, पण अर्धी गायब झालेली टेकडी दिसेल. गुगल अर्थवरचे फोटो याहून स्पष्ट असतात, क्रशर आणि ट्रकही ओळखू येतात. मात्र ते ठरावीक दिवसांनी येत नाहीत. खेड्यापाड्यात मधली वर्षंच गायब असतात.

दगड ओळखायचा तो रंगावरून. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, म्हणून वरून बघितलं तर आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात. ऊन-पाऊस खाल्लेला काळा दगड गडद दिसतो, पण ताजा फोडलेला दगड आणि खडीची भुकटी राखाडी-पांढरट. म्हणून चालू खदान लांबूनही उठून दिसते. कोकणातला जांभा तांबूस, गोव्यात डिचोली-सांगे भागातल्या लोहखनिजाच्या खाणी लालभडक, चंद्रपूरच्या कोळसा खाणी काळ्या आणि शेजारी मातीचे करडे ढिगारे. धुळे-नंदुरबारकडं मैलोन्‌मैल सरळ रेषेत गेलेल्या दगडी भिंती दिसतात. त्या माणसानं बांधलेल्या नाहीत. जमिनीच्या भेगांत लाव्हा थिजून झाल्या आहेत. भूगर्भतज्ज्ञ त्यांना डाइक म्हणतात. जमिनीखालचं पाणी कुठं अडतं आणि कुठून वाहतं, हे शोधायला अशा रेषा कामाला येतात. त्यामुळं विहिरीची जागा ठरवणाऱ्यांनाही हे फोटो लागतात.

उपग्रहाला डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही टिपता येतो. तशा फोटोत हिरवं शिवार कधीकधी लाल रंगात दाखवलेलं असतं, ते बघून घाबरायचं कारण नाही.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर कोपर्निकस ब्राउझर ही वेबसाइट उघडून गाव शोधा आणि तारीख बदलत जा. जुना आणि नवा फोटो एकाच महिन्याचा घ्या, शक्यतो फेब्रुवारी किंवा मार्चचा. पावसाळ्यात ढग आडवे येतात आणि श्रावणात उघडा माळही हिरवा होतो, मग तुलना फसते. संगणकावरच्या गुगल अर्थ प्रोमध्ये मागच्या वर्षांचे फोटो बघून क्षेत्रही मोजता येतं.

फसगत बरीच होते. नांगरलेलं रान मुरमाच्या खाणीसारखं दिसतं, शेततळं पाणी साचलेल्या खदानीसारखं. वाळूचं तर अवघडच आहे. पुरानं नदी स्वतःच वाळू हलवते, त्यामुळं पात्र बदललं म्हणजे उपसा झालाच, असं म्हणता येत नाही. आणि गटाचा ऑनलाइन नकाशा फोटोवर ठेवला तर तो काही मीटर सरकलेला असू शकतो. पाच-दहा मीटरच्या फरकावरून भांडण काढू नये. पण हद्दीबाहेर दोन एकर खड्डा दिसत असेल, तर ती नकाशाची चूक नसते.

सरकारही हेच तंत्र वापरतं. नागपुरात मुख्यालय असलेल्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सच्या साथीनं केंद्रानं २०१६ मध्ये खाण देखरेख यंत्रणा सुरू केली. पट्ट्याच्या हद्दीभोवती ५०० मीटरच्या टापूत संशयास्पद बदल दिसला की तो तपासायला पाठवला जातो. मात्र तिची सुरुवात लोहखनिजासारख्या मोठ्या खनिजांसाठी झाली. गावाला जाच होतो तो दगड, मुरूम, वाळू या गौण खनिजांचा, आणि तो विषय राज्याच्या महसूल खात्याकडं. विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे.

दंड ठरतो तो किती ब्रास माल निघाला यावर, आणि नेमकं तेच साध्या फोटोत कळत नाही. फोटो खड्ड्याची लांबी-रुंदी दाखवतो, खोली नाही. खोलीसाठी जागेवर ईटीएस यंत्रानं किंवा ड्रोननं मोजणी आणि पंचनामा लागतो. तहसीलदारांकडं अर्ज द्यायचा तो याच मागणीसाठी. अर्जात गट नंबर टाका, दोन तारखांचे फोटो त्या तारखा दिसतील असे जोडा आणि पट्टा मंजूर केल्याचा आदेश व नकाशा माहिती अधिकारात आधीच मागून ठेवा. तो नकाशा हातात नसेल, तर खड्डा हद्दीच्या आत की बाहेर, हे फोटोवरून सांगता येत नाही.