हातगड संघर्ष
सोळाव्या शतकात बागलाणचे बागूल राजे व अहमदनगरची निजामशाही यांच्यात हातगड किल्ल्यासाठी झालेला सत्तासंघर्ष. किल्ला सुरगाणा तालुक्यात (जि. नाशिक), सापुताऱ्याजवळ आहे. गुजरात व दख्खन यांना जोडणाऱ्या घाटवाटांवर नियंत्रण हे संघर्षाचे मुख्य कारण (पहा : बागलाण). प्रवेशमार्गावरील कातळात कोरलेल्या देवनागरी शिलालेखात शके 1469 (इ. स. 1547) मध्ये राष्ट्रौढवंशीय बागूल राजा भैरवसेनाच्या काळात बुऱ्हाण निजामशहाकडून दुर्ग घेतल्याची नोंद आहे (पहा : निजामशाही). कातळकोरीव पायऱ्या व दरवाजे ही किल्ल्याची वैशिष्ट्ये. 1638 मध्ये मोगलांनी बागलाण जिंकून बागुलांची सत्ता संपवली (पहा : मुल्हेर). सीमावर्ती राज्याच्या इतिहासाचे समकालीन साधन म्हणून शिलालेख महत्त्वाचा आहे.