कवासची ज्योत आणि पेटवणारा हात

जानेवारी २०२३ मध्ये सुरतजवळच्या कवासला, एनटीपीसी या वीज कंपनीच्या आदित्यनगर वसाहतीत, नळाने येणाऱ्या स्वयंपाकाच्या वायूत हरित हायड्रोजन मिसळायला सुरुवात झाली. कंपनीच्या तिथल्या वीज प्रकल्पातल्याच एक मेगावॅटच्या तरंगत्या सौर पटलांची वीज वापरून पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि तो गुजरात गॅसच्या नळ्यांत सोडायचा, अशी ही योजना. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने सुरुवातीला आकारमानाने ५ टक्क्यांना परवानगी दिली, पुढे प्रमाण ८ टक्क्यांपर्यंत गेले, आणि टप्प्याटप्प्याने २० पर्यंत जायचे ठरले आहे. देशातला असा पहिला प्रयोग म्हणून त्याचे कौतुक झाले. हायड्रोजन हरित होता, त्या अर्थाने ते कौतुक रास्तच आहे. पण भारतीय चुलीवर हायड्रोजन जळण्याची ही पहिली वेळ नव्हे. जुना इतिहास नीट पाहिला तर लक्षात येते की हायड्रोजन पेटवणे कधीच अवघड नव्हते. अवघड आहे ते पेटवणारे साधन टिकवणे, आणि ज्योत खरोखर लागली की नाही हे माणसाशिवाय ओळखणे.

सुरुवात १८२३ पासून करावी लागते. जर्मनीतल्या येना इथे योहान डोबरायनर या रसायनतज्ज्ञाला दिसले की प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजनचा झोत सोडला की ठिणगीशिवायच ज्योत उठते. जस्त आणि गंधकाम्लापासून हायड्रोजन तयार करणारा त्याचा दिवा काही दशके युरोपातल्या घरांत वापरात होता. हायड्रोजनसाठी बनवलेले पहिले पेटवण-यंत्र म्हणावे असे हे साधन, आणि त्याचा दोषही आजच्यासारखाच होता. ओल धरली किंवा अशुद्धी साचल्या की प्लॅटिनम मंदावे. वायू तोच आणि झोतही तोच असायचा, पेटवणारा भाग तेवढा निकामी व्हायचा. पुढे काडेपेटी स्वस्त झाली आणि हा दिवा मागे पडला. आजही कोणी प्लॅटिनमचा मार्ग सुचवला तर हे आठवावे, कारण घरगुती वायूला वास यावा म्हणून आपण त्यात जे मर्कॅप्टन घालतो ते गंधकाचे संयुग आहे, आणि गंधक प्लॅटिनमचा जुना वैरी.

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॉम्बे गॅस कंपनीच्या दिव्यांनी रस्ते उजळले आणि पुढे तोच वायू घरांच्या शेगड्यांपर्यंत गेला. लालबागची गॅस कंपनी गल्ली अजून त्या कारखान्याचे नाव सांगते. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेल्या अशा वायूत साधारण निम्मा हायड्रोजन असे, आणि उरलेल्यात मुख्यतः मिथेन व विषारी कार्बन मोनॉक्साइड. म्हणजे कवासच्या आठ टक्क्यांच्या कितीतरी पट हायड्रोजन मुंबईच्या चुलींवर पिढ्यान्‌पिढ्या जळत होता. तिथे पेटवण-यंत्रणा कोणती होती? एक काडी, ती धरणारा हात, आणि ज्योत लागली का हे पाहणारे डोळे. हात काम झाले की बाजूला होई, त्यामुळे यंत्रणेचा कुठलाही भाग ज्योतीत राहून झिजत नसे. टिकाऊपणाचा प्रश्न सुटला नव्हता, तो उद्भवतच नव्हता.

यावर कोणी म्हणेल, मग काळजी कसली? हाँगकाँग आणि सिंगापूरला आजही सुमारे निम्मा हायड्रोजन असलेला शहरी वायू मिळतोच की. आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यात एक गोष्ट सुटते. त्या मिश्रणांत कार्बनची संयुगे असतात, आणि आधुनिक बर्नरचे ज्ञानेंद्रिय नेमके त्यांच्यावर अवलंबून आहे. हायड्रोकार्बन जळताना ज्योतीत आयन तयार होतात. ज्योतीत ठेवलेल्या सळईतून त्यामुळे सूक्ष्म प्रवाह वाहतो, आणि तो थांबला की नियंत्रक वायूची झडप बंद करतो. शुद्ध हायड्रोजनच्या ज्योतीत असे आयन जवळजवळ नसतात. प्रयोगशाळेतल्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये हाच दोष गुण ठरतो. तिथे मुद्दाम हायड्रोजनची ज्योत वापरतात, कारण ती स्वतः गप्प असते आणि नमुन्यातला कार्बन तेवढा बोलतो. तापवण्याच्या बर्नरला मात्र गप्प ज्योत चालत नाही. शिवाय शुद्ध हायड्रोजनची ज्योत उजेडात डोळ्यांनाही धड दिसत नाही. अतिनील किरण टिपणारी नळी लावता येते, पण तिलाही आयुर्मर्यादा आहे. थर्मोकपल केवळ उष्णता ओळखत असल्याने त्याला वायू कोणता याचे सोयरसुतक नसते, पण ज्योत विझल्याचे त्याला उशिरा कळते. ४ ते ७५ टक्के प्रमाणात हवेत मिसळून पेटू शकणाऱ्या वायूबाबत उशीर परवडत नाही. मिथेनची ही मर्यादा फक्त ५ ते १५ टक्के आहे.

आता ठिणगीकडे. हायड्रोजन पेटायला अवघी ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते, मिथेनला तिच्या दहापटीहून अधिक लागते. कागदावर हा फायदा दिसतो. पण हायड्रोजनची ज्योत मिथेनच्या सुमारे सातपट वेगाने पुढे सरकते, त्यामुळे ती बर्नरच्या तोंडाला चिकटून राहते किंवा आतच शिरते, आणि ठिणगी पाडणाऱ्या शेजारच्या इलेक्ट्रोडला भाजते. दुसरा शत्रू वाफ. हवेशी नेमक्या प्रमाणात जळल्यावर मिथेनच्या धुरात सुमारे १९ टक्के वाफ असते, हायड्रोजनच्या धुरात सुमारे ३५. थंड बर्नर सुरू होताना ही वाफ चिनी मातीसारख्या विद्युतरोधकावर दव होऊन बसते आणि ठिणगीचा विद्युतदाब भलत्याच वाटेने निसटतो. ठिणगीऐवजी सिलिकॉन कार्बाइडची तापणारी कांडी वापरली, तरी तिचे रक्षण करणारा सिलिकाचा पापुद्रा प्रखर उष्णतेत वाफेबरोबर हळूहळू उडून जातो. ब्रिटनने १९६७ ते १९७७ या काळात कोळशाच्या वायूवरून समुद्रातल्या वायूवर जाताना सुमारे चार कोटी उपकरणे बदलली. तेव्हा अडचण उलटी होती. मिथेनची ज्योत मंद, ती बर्नरवरून उचलली जाऊ नये म्हणून भोके बदलावी लागली. त्या मोहिमेचे धडे हायड्रोजनला तसेच्या तसे लागू करणे म्हणजे परतीच्या वाटेवर जाण्याचाच नकाशा वापरणे.

दुसरा आक्षेप कवासच्या प्रयोगावरच आहे, आणि तो मला बराचसा पटतो. त्याच आकारमानात हायड्रोजनची ऊर्जा मिथेनच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणून ८ टक्के मिश्रणात हायड्रोजनकडून येणारी उष्णता तीन टक्क्यांहूनही कमी भरते. एवढ्यात ज्योतीचा स्वभाव फारसा बदलत नाही, आणि घरची शेगडी तर आजही बहुधा हातातल्या लायटरनेच पेटते. म्हणजे मिश्रण, मोजमाप, नळ्या आणि रहिवाशांचा विश्वास यांची परीक्षा कवासने घेतली, टिकाऊ पेटवणीची नव्हे. प्रयोग फसवा होता असे यातून निघत नाही. जुनी शेगडी न बदलता किती पुढे जाता येते हेच त्याला पाहायचे होते. पण त्याच्या यशावरून शंभर टक्के हायड्रोजनच्या स्वयंचलित बर्नरचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

तो निष्कर्ष निघायचा असेल तर सुरतमध्येच, पण वसाहतीबाहेर. वसईजवळच्या समुद्रातला वायू जिथे किनाऱ्याला लागतो त्या हजिऱ्याला एल अँड टीने ऑगस्ट २०२२ मध्ये रोज ४५ किलो हायड्रोजन देणारा प्रकल्प सुरू केला, कारखान्याच्या स्वतःच्या वापरासाठी. हायड्रोजन असा जवळच तयार होतो, आणि कसोटीची जागाही जवळच आहे. सुरतच्याच पांडेसरा, सचिन इथल्या कापड प्रक्रिया कारखान्यांत गॅसवरचे स्टेंटर, म्हणजे कापड ताणून वाळवणारी यंत्रे, कापडाच्या तंतूंनी भरलेल्या गरम हवेत चालतात, आणि तिथल्या बर्नरजवळ काडी घेऊन कोणी उभे नसते. अशा ठिकाणी हायड्रोजनचे प्रमाण वाढवताना नोंदवायला हवे ते हे: किती वेळा पेटवल्यावर इलेक्ट्रोडमधले अंतर वाढले, रोधकाला तडा कधी गेला, आणि ज्योत विझल्यावर झडप किती सेकंदांनी बंद झाली.