शवचिकित्सेचे संगीत

मृत्यूचे वर्णन सर्वत्र आढळते. परंतु संगीतास वैद्यकग्रंथांची परिभाषा ठळकपणे दिली ती लिव्हरपूलच्या 'कार्कस' या त्रिकुटाने. १९८८ साली त्यांची 'रीक ऑफ प्युट्रिफॅक्शन' ही 'ग्राइंडकोर' पंथाची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या वेष्टनावर शवचिकित्सेची छायाचित्रे होती, तर गीतांत रोगशास्त्रातील शब्द. त्यांतील बिल स्टीअर व जेफ वॉकर हे शाकाहारी. मनुष्यदेहही अखेर मांसच, हा बोध त्यामागे होता. बीबीसीचे जॉन पील यांनी ती त्या वर्षीची आपली आवडती मुद्रिका ठरविली. नभोवाणीनेच या कर्कश नादास श्रोते मिळवून दिले. मुंबईच्या 'गटस्लिट' या वृंदाने २०१७ साली 'अॅम्प्यूथिएटर' काढिली. नावात अंगच्छेद व रंगमंडप यांचा श्लेष आहे. किळस येते खरी. परंतु देहाची नश्वरता आपल्या संतांनीही काही सौम्य शब्दांत सांगितलेली नाही.