पोहण्याचे पहिले साधन (धाराशिव जिल्हा)

विहिरीत पोहायला शिकणाऱ्याला पाण्यावर धरून ठेवणारी, पाठीला वा पोटाला बांधलेली किंवा काखेत घेतलेली तरंगती वस्तू. पांगाऱ्याचा ओंडका, वाळलेला भोपळा, तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा, प्लास्टिकचा कॅन आणि गाडीची ट्यूब हे प्रमुख प्रकार. समुद्रकाठच्या नवशिक्याला पहिली सर्फफळी निवडताना जो प्रश्न पडतो, तोच समुद्रापासून दूरच्या या जिल्ह्यात विहिरीच्या काठावर पडतो : आपल्या वजनाला किती आधार हवा?

पार्श्वभूमी : जिल्हा पर्जन्यछायेत येतो. तेरणा, बोरी, सीना या नद्यांना वर्षभर पोहण्याजोगे पाणी नसते, त्यामुळे पोहणे शिकायचे ते बहुधा शेतातल्या विहिरीवर. या विहिरी काळ्या पाषाणात खोदलेल्या, सरळ कड्यांच्या असतात. उथळ काठ नसतो आणि पहिल्याच पावलाला पाय टेकत नाहीत. दिवाळीच्या सुटीत पाणी वर असते. उन्हाळ्याच्या सुटीत ते तळाला जाते आणि कपारी उघड्या पडतात. साधन निवडताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

पांगाऱ्याचा ओंडका : पांगारा (इरिथ्रिना व्हेरिएगाटा; जुने नाव इ. इंडिका) हा शिंबावंत गटातला काटेरी, पानगळी वृक्ष. माघ-फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुले येतात. फांदी रोवली तरी जगते, म्हणून कुंपणाला आणि पानमळ्यात वेलींच्या आधाराला तो लावतात. लाकूड मऊ, सच्छिद्र व अत्यंत हलके असते. वाळल्यावर त्याचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतके भरते. इमारतीला ते निरुपयोगी, पण तरंगण्यासाठी उत्तम.

इरिथ्रिना या प्रजातीचा जागतिक इतिहास लक्षणीय आहे. हवाई बेटांवरील विलिविली (इरिथ्रिना सँडविसेन्सिस) हा पांगाऱ्याचा सख्खा भाऊबंद. तिथल्या सरदारवर्गाच्या ‘ओलो’ नावाच्या लांबलचक सर्फफळ्या, होड्यांचे बाजूचे तराफे आणि जाळ्यांचे तरंगे त्याच्या लाकडाचे करीत. धाराशिवच्या विहिरीतला ओंडका आणि हवाईच्या लाटेवरची फळी एकाच कुळातल्या लाकडाची ठरते.

सुमारे दोन फूट लांब व सहा इंच व्यासाचा वाळका ओंडका अकरा लिटरच्या आसपास पाणी सारतो. त्याचे स्वतःचे वजन तीन किलो धरले, तर आठ किलोची उचल मिळते. साल व काटे काढून, टोके घासून, सावलीत पुरता वाळवलेला ओंडकाच घ्यावा. ओला ओंडका फसवतो. रोजच्या वापराने लाकूड पाणी पिते आणि उचल घटत जाते. दर दोन-तीन दिवसांनी काठावरच्या जाणत्याने ती पारखली, तर हाच दोष गुण ठरतो : शिकणाऱ्याचा आधार हळूहळू कमी होतो. गरज पडल्यास करवतीने वीतभर तुकडा कापताही येतो.

भोपळा : कडू भोपळा वेलीवरच जून करून वाळवतात. उचल चांगली, पण दगडावर आपटला की फुटतो.

डबा व कॅन : गोडेतेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा झाकणाला डाग देऊन हवाबंद करीत. त्याची उचल १५ किलोच्या घरात जाते. लहान मुलाला ती फार होते : पाठ पाण्याबाहेर उचलली जाते आणि तोंड पाण्यात जाते. पत्र्याच्या कडा कापतात, गंजलेल्या सांध्यातून पाणी शिरते आणि ते बाहेरून दिसत नाही. पाच लिटरचा, घट्ट बुचाचा प्लास्टिकचा कॅन मुलांना अधिक योग्य.

ट्यूब : सहज मिळते, हवा सोडून उचल कमी करता येते. मात्र ती बांधलेली नसते. लहान मूल मधल्या पोकळीतून खाली निसटू शकते. व्हॉल्व्हची नळी अंगाला ओरखडते, तिच्यावर कापड गुंडाळावे.

थर्माकोल : स्वस्त, लवकर तुटतो.

निवड : माणसाचे शरीर पाण्याहून फारसे जड नसते, त्यामुळे लागणारी उचल वाटते त्याहून कमी असते. पोहू शकणाऱ्या प्रौढांच्या साहाय्यक जाकिटासाठी ५० न्यूटन, म्हणजे सुमारे ५ किलो, हा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. लहान मुलांना त्याहून कमी पुरते. सर्फिंगमध्ये नवशिक्याला आठ-नऊ फुटी, जाड व मऊ फोमची फळी देतात आणि तोल साधू लागला की लहान फळीवर आणतात. विहिरीलाही हाच क्रम लागू पडतो. घरात जे पडले आहे ते बांधण्यापेक्षा जे कमी करता येईल ते निवडावे. या कसोटीवर ओंडका पहिला; ट्यूबचीही उचल कमी करता येते, पण ती बांधलेली नसते, म्हणून कॅन दुसरा.

बांधणी : साधन पाठीवर असावे की पोटाखाली, याबाबत शिकवणाऱ्यांत मतभेद आहेत. पाठीवर हात मोकळे राहतात. पोटाखाली तोंड वर राहते, पण हातपाय मारायला अडचण होते. साधनाशिवाय, कमरेला कासरा लावून शिकवण्याची पद्धतही रूढ आहे. साधन बांधताना दोरी दोन्ही काखांतून घेऊन छातीवर फुली पाडावी आणि गाठ छातीवर, हाताला येईल अशी ठेवावी. सुती दोरी भिजली की फुगते व निरगाठ सुटत नाही. म्हणून सुरगाठ मारावी. साधन बांधून काठावरून उडी मारू नये : ते वर उसळून मानेवर आदळते.

सुरक्षितता : विहिरीतील मोटारीचा वीजपुरवठा आधी बंद करावा. पोहता येणारा प्रौढ माणूस पाण्यात, दुसरा काठावर कासरा घेऊन असावा. कोणताही ओंडका, डबा वा ट्यूब हे जीवरक्षक साधन नव्हे. मुलाला त्याच्या भरवशावर एकटे विहिरीत सोडू नये.