घारापुरीचा उजेड

अपोलो बंदरावरून लाँचनें निघालें म्हणजे तासाभरांत घारापुरीस पोहोंचतां येतें. अंतर सुमारें दहा किलोमीटर. तेथील लेण्यांविषयीं आणि त्रिमूर्तीविषयीं आपण पुष्कळ वाचलें असेल. तो आज माझा विषय नव्हे. लेण्यांच्या खालीं राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वाड्या आहेत. तेथील घरांत वीज केव्हां व कशी आली, आणि यावयास इतका काळ कां लागला, हें मला सांगावयाचें आहे.

प्रथम काळाचा हिशेब पाहूं. मुंबईंत विजेची ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली. १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील केंद्रांतून, घाटावरील पाण्याच्या जोरावर उत्पन्न होणारी वीज शहरांतील गिरण्यांना मिळूं लागली. १९५६ सालीं समोरच्या तुर्भ्याच्या किनाऱ्यावर आपल्या देशांतील पहिली अणुभट्टी, 'अप्सरा', सुरू झाली. १९८९ मध्यें पलीकडे न्हावा-शेव्याचें बंदर उघडलें व तेथेंही रात्रीचा दिवस होऊं लागला. दोहों बाजूंस असा लखलखाट, आणि मध्यें बेटावर कंदील! पुढें डिझेलवर चालणारें जनित्र आलें, पण तेंही सायंकाळचे कांहीं तासच चाले. किनाऱ्यावरून तारेनें वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्यें.

याचें कारण विचारलें असतां बहुतेकांच्या तोंडीं एकच उत्तर येतें : 'मध्यें समुद्र आहे.' हें उत्तर मला पटत नाहीं. 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड आगबोटीनें १८७० सालींच मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशीं तारायंत्राची तार टाकली होती. आतां, संदेशाला लागणारा प्रवाह अगदीं क्षीण आणि घरें उजळावयास लागणारा जबर, हा भेद कोणीही कबूल करील. शिवाय विजेच्या केबलीस समुद्रांत एक निराळीच अडचण येते. शाळेंतील प्रयोगशाळेंत लायडन जार ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना ती चटकन् समजेल. आंत धातूची तार, तिच्याभोंवतीं विद्युत्‌रोधक वेष्टन, आणि बाहेर खारें पाणी. म्हणजे सबंध केबल ही एक लांबच लांब लायडन जारच झाली. आपल्या घरांतील वीज प्रत्यावर्ती, सेकंदांत पन्नास आवर्तनें करणारी. प्रत्येक आवर्तनाला ही जार भरावी लागते, रिकामी करावी लागते, आणि पुन्हां उलट बाजूनें भरावी लागते. केबल फार लांब असली कीं तिची सारी शक्ति या भरण्या-सांडण्यांतच खर्ची पडते व पैलतीरास देण्याजोगें फारसें कांहीं उरत नाहीं.

या अडचणीवरही तोड निघाली. बाल्टिक समुद्रांत गॉटलंड नांवाचें स्वीडनचें बेट आहे. मुख्य भूमीवर जलविद्युत् स्वस्त. बेटावर मात्र वाफेच्या केंद्रावर भिस्त. मध्यें शंभराच्या आंतबाहेर किलोमीटर समुद्र. ऊनो लाम नांवाच्या अभियंत्यानें १९२९ पासून पाऱ्याच्या वाफेच्या झडपांवर परिश्रम केले होते. या झडपांनीं प्रत्यावर्ती विजेची एकदिश वीज होते, आणि एकदिश वीज एकदां केबल भरली कीं तिला पुनःपुन्हां भरीत बसत नाहीं. १९५४ सालीं वीस हजार किलोवॉट वीज एक लाख व्होल्टच्या दाबानें या बेटावर जाऊं लागली. केबल एकच, परतीची वाट खुद्द समुद्राच्या पाण्यांतून! पंचवीस वर्षें एका झडपेच्या मागें लागणाऱ्या त्या गृहस्थाची चिकाटी मला तरी त्या यंत्राहून मोठी वाटते.

घारापुरीच्या केबलीची लांबी अवघी साडेसात किलोमीटर. इतक्या अंतराला लायडन जारेची अडचण नांवापुरती, आणि पाऱ्याच्या झडपांची तर गरजही नाहीं. म्हणजे विद्या अडली नव्हती, समुद्रही अडवीत नव्हता. अडवीत होता तो भागाकार. कामास खर्च सुमारें पंचवीस कोटि रुपये. घरगुती ग्राहक सुमारें दोनशें. भाग घालून पाहा : दर घरामागें साडेबारा लाख! हा आंकडा पुढें ठेवल्यावर कोणता हिशेबनीस मान डोलावील?

परंतु हें गणितच चुकीचें मांडलें आहे, असें माझें मत आहे. खोपोलीची वीज गिरण्यांकडे नेतांना गिऱ्हाइकें मोजलीं तें ठीक. तो व्यापार होता. पण लोकवस्तीला उजेड देतांना डोकीं मोजावयाचीं ठरविलें, तर डोंगरांतील पाडा आणि समुद्रांतील बेट यांची पाळी कधींच यावयाची नाहीं. शिवाय जीं लेणीं १९८७ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलीं, तीं पाहावयास येणाऱ्यांचें आतिथ्य कोण करतें? याच वाड्यांतील माणसें. त्यांची गणना त्या भागाकारांत कोठेंच नाहीं.

अखेर महावितरणानें काम हातीं घेतलें, आणि पंधरा महिन्यांत तें पुरें झालें. तिन्ही वाड्यांत एकेक ट्रान्सफॉर्मर बसला, उंच खांबांवर दिवे लागले, घरोघर मीटर आले. अशा केबलीला मोठें भय जहाजांच्या नांगरांचें. मुंबईच्या बंदरांत तर जहाजांची रात्रंदिवस ये-जा, आणि त्याच पाण्याखालून घारापुरीची वीज जाते.