सिद्धीची मोजदाद : नाट्यशास्त्रातील प्राश्निक आणि चित्रपटगृहातील संगणक

प्रयोग यशस्वी झाला हे प्रेक्षकावरून ओळखावे कसे, हा प्रश्न चित्रपटाहून कितीतरी प्राचीन आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगसिद्धी द्विविध मानली आहे. स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’ यांसारखे उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे ही मानुषी सिद्धीची लक्षणे होत. प्रयोगाचे गुणदोष पारखण्याचे काम प्राश्निकांचे. दैवी सिद्धीचे लक्षण मात्र अभावात्मक आहे : रंगगृह पूर्ण भरलेले असते आणि तरीही ना शब्द, ना क्षोभ. चित्रपटाच्या प्रेक्षकाचे यंत्राने मापन करण्याचा गेल्या शतकातील इतिहास या भेदाच्या प्रकाशात तपासण्याजोगा आहे.

या इतिहासाचा पहिला महत्त्वाचा टप्पा अमेरिकेतील पेन फंड संशोधनमालेचा. तिच्या अंतर्गत आयोवा विद्यापीठात डायसिंगर आणि रकमिक यांनी चित्रपट पाहणाऱ्या मुलांच्या व प्रौढांच्या त्वचेतील विद्युत्‌बदल गॅल्व्हानोमीटरने नोंदविले. नाडीचेही मापन केले. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार भयप्रद दृश्यांना लहान मुलांचा प्रतिसाद सर्वांत तीव्र होता. येथे यंत्राने जे टिपले तो भरताच्या परिभाषेत ‘स्वेद’ हा सात्त्विक भाव होय. परंतु स्वेद क्रोधाने येतो, भयाने येतो, हर्षाने आणि श्रमानेही येतो, हे भरतानेच सांगितले आहे. यंत्राला भावाची तीव्रता कळली. त्याची जात कळली नाही.

ही उणीव मुखचर्येवरून भरून काढण्याचा प्रयत्न पुढे झाला. १९७८ मध्ये एकमन आणि फ्रीझन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची संकेतपद्धती सिद्ध केली. १९९७ मध्ये रोझलिंड पिकार्ड यांच्या ग्रंथाने भावनाविषयक संगणनाला स्वतंत्र नाव मिळवून दिले. २०१७ साली डिस्ने रिसर्च आणि कॅलटेक येथील संशोधकांनी अंधारात टिपणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्यांच्या साह्याने ९ चित्रपटांच्या १५० खेळांतील ३,१७९ प्रेक्षकांचे चेहरे अभ्यासले. काही मिनिटांच्या निरीक्षणावरून उरलेल्या चित्रपटातील त्या प्रेक्षकाची मुखचर्या वर्तविणे संगणकाला शक्य झाले. मात्र चेहऱ्यावरून अंतःस्थ भावना खात्रीने ओळखता येत नाही, असा निर्वाळा लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाच्या विस्तृत आढाव्याअंती दिला. प्राश्निकाच्या जागी संगणक आला, तरी त्याच्या हाती लागली ती मानुषी सिद्धीच.

निःशब्द प्रेक्षागृहाकडे वळणारा प्रयत्न युरी हॅसन यांचा. २००४ मधील प्रयोगात त्यांनी ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ पाहणाऱ्यांच्या मेंदूंतील क्रियांची परस्परांशी तुलना केली. २००८ मधील लेखात त्यांनी व सहकाऱ्यांनी दिलेले आकडे बोलके आहेत. प्रेक्षकाप्रेक्षकांत सारखेपणा दाखविणारा मेंदूच्या बाह्यकाचा भाग हिचकॉकच्या दूरदर्शनपटात ६५ टक्क्यांहून अधिक, वरील चित्रपटात ४५ टक्के, तर उद्यानाच्या संकलनविरहित चित्रणात ५ टक्क्यांहून कमी आढळला. येथे उद्गार नाही, चेहरा नाही. आहे ती केवळ एकतानता. साधारणीकरणाची आठवण व्हावी असाच हा निष्कर्ष आहे.

तथापि हे साम्य जपून स्वीकारले पाहिजे. साधारणीकरणात विभावादिकांचे ‘माझे-परके’ हे बंधन सुटते आणि सहृदयाला रसास्वाद घडतो. मेंदूंच्या सारखेपणात केवळ दिग्दर्शकाचे नियंत्रण सिद्ध होते. सारखेपणा कमी म्हणजे गुंतणे कमी, असे होत नाही, हे हॅसन आणि सहकाऱ्यांनीही मान्य केले आहे : प्रत्येक प्रेक्षक आपापल्या परीने तन्मय असू शकतो. म्हणून एकतानतेचा आकडा जर गुणवत्तेचा निकष ठरला, तर प्रेक्षकाला विचारास मोकळीक देणारी कृती आपोआप कनिष्ठ ठरेल. एकाच कृतीचे अनेक वाचकांत होणारे भिन्न ग्रहण हा तौलनिक साहित्याभ्यासाचा पायाच आहे. या मापनात त्या भिन्नतेची गणना केवळ अभाव म्हणून होते. भरताने दैवी सिद्धीला लक्षण दिले, पण तिचे श्रेय मानवी प्रयत्नाकडे सोपविले नाही. त्यातील विवेक आजही उपयोगी पडावा असा आहे.