नावेचा तळ

पावसाळा तोंडावर आला कीं कोंकणच्या किनाऱ्यावरील कोळी आपली होडी भरतीच्या रेषेच्या वर ओढून घेतो आणि तिच्यावर नारळाच्या झावळ्यांचें छप्पर घालतो. शहरांतून आलेल्या माणसाला याचें थोडें नवल वाटतें. जी नाव आठ महिने खाऱ्या पाण्यांत राहिली, तिला आकाशांतून पडणाऱ्या पाण्याचें एवढें भय कां असावें? परंतु कोळ्याचें भय खरें असतें. लांकडी नाव समुद्राच्या पाण्यानें सहसा कुजत नाहीं. ती कुजते पावसाच्या गोड्या पाण्यानें, आणि तीहि आंतून.

कुजणें म्हणजे लांकडांत बुरशी वाढणें. बुरशीला ओलावा, हवा आणि ऊब हीं तिन्ही लागतात. सदैव बुडालेल्या लांकडास हवा मिळत नाहीं, आणि मीठ मुरलेल्या लांकडांत बुरशीस सुखानें राहतां येत नाहीं. पावसाचें पाणी मात्र सांगाड्याच्या आडव्या लांकडांवरून ओघळत थेट तळाशीं जातें. तेथें वाळू, मासळीचे खवले आणि जाळ्यांचे तुकडे यांचा गाळ बसलेला असतो. वर पाय ठेवण्याच्या फळ्या असल्यामुळें वारा पोंचत नाहीं. बुरशीला याहून चांगलें घर कोठें मिळावें? वरवर पाहतां फळी धड दिसते, तेलाचा रंगहि तिच्यावर असतो. पण चाकूचें टोंक टेकवावें तों तें लोण्यांत शिरावें तसें शिरतें. म्हणून जाणता सुतार डोळ्यांवर भिस्त न ठेवितां हातोडीनें ठोकून पाहतो. निकोप लांकूड खणखणीत वाजतें, कुजलेलें बद्द वाजतें.

बाहेरच्या अंगानें येणारा वैरी निराळाच आहे. युरोपांतील खलाशी त्याला जहाजाचा किडा म्हणत. वास्तविक तो किडा नसून आपल्या बाजारांत मिळणाऱ्या तिसऱ्यांचाच लांबट भाऊबंद आहे. टांचणीच्या डोक्याएवढ्या भोंकानें तो लहानपणीं लांकडांत शिरतो, आणि आंत वाढत वाढत बोटाएवढें बीळ कोरतो. बिळाला आंतून चुन्याचा गिलावा करण्याइतका तो व्यवस्थित आहे! बाहेरून फळीवर दोन बारीक ठिपके दिसावे आणि आंत तिची चाळण झालेली असावी, असा याचा प्रकार. १७३१ सालीं हॉलंडांत समुद्रास अडविणाऱ्या बांधांचें लांकूडकाम या प्राण्यानें पोखरल्याचें उघडकीस आलें, तेव्हां तो सारा देश हादरला. अखेर लांकडाऐवजीं बाहेरून दगड आणून ते बांध मढवावे लागले. १७३३ त सेलियस नांवाच्या पंडितानें या प्राण्यावर एक ग्रंथच लिहिला. पुढें मार्क ब्रुनेल या इंजिनियरानें याच प्राण्याची खोदण्याची रीत पाहून भुयार खणण्याचें यंत्र योजिलें आणि १८१८ त त्याचा हक्क नोंदविला. १८४३ त लोकांसाठीं उघडलेलें लंडनच्या टेम्स नदीखालचें भुयार त्याच युक्तीनें झालें.

या प्राण्याला गोडें पाणी सोसत नाहीं, आणि कोरडें पडणेंहि सोसत नाहीं. म्हणजे ज्या पाण्यानें बाहेरचा वैरी मरतो, त्याच पाण्यानें आंतला वैरी पोसला जातो. होडी किनाऱ्यावर ओढावयाची पण झांकून ठेवावयाची, या साध्या रिवाजांत दोहोंचाहि बंदोबस्त आहे. त्याखेरीज अरबी समुद्राच्या कांठीं पिढ्यान् पिढ्या बाहेरून चुना व चरबी यांचा लेप आणि आंतून माशांच्या यकृताचें तेल लावण्याची चाल होती. वास असह्य, पण गुण निश्चित.

इंग्रजांच्या आरमारानें खर्चाचा मार्ग धरिला. १७६१ त 'अलार्म' नांवाच्या लढाऊ जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्यानें मढविण्यांत आला. जहाज वेस्ट इंडीजकडे जाऊन आलें, आणि १७६३ त तपासणी झाली. किड्यानें तळाला स्पर्शहि केला नव्हता. मात्र तांब्याशीं लागलेले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यांत झिजून गेले होते. या दोन धातूंच्या वैराचा उलगडा व्हावयास आणि तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे रुळावयास पुढें वीस एक वर्षें गेलीं. परंतु तांबें बाहेरून लावावयाचें. आंतल्या कुजण्यावर त्याचा कांहींच इलाज नव्हता.

याची साक्ष २९ ऑगस्ट १७८२ रोजीं मिळाली. शंभर तोफांचें 'रॉयल जॉर्ज' हें जहाज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटहेड येथें नांगरलेलें होतें. पाण्याच्या पातळीखालीं एका नळाची किरकोळ दुरुस्ती करावयाची होती. त्यासाठीं एका बाजूच्या तोफा सरकवून जहाज कलतें केलें होतें. खलाशांना भेटावयास आलेल्या बायका, मुलें, फेरीवाले अशी गर्दी जहाजावर होती. एकाएकीं कांहीं मोडल्याचा आवाज झाला आणि थोड्याच वेळांत जहाज तळाशीं गेलें. ॲडमिरल केंपनफेल्ट यांच्यासह आठशेंहून अधिक माणसें बुडालीं. लष्करी न्यायालयानें अधिकाऱ्यांस निर्दोष ठरविलें आणि दोष सांगाड्याच्या कुजलेल्या लांकडांवर टाकिला. उघड्या राहिलेल्या तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरलें, असें पुढें अनेकांनीं म्हटलें, आणि तें म्हणणें सहज उडवून देण्याजोगें नाहीं. तरीहि आरमाराच्या न्यायालयाला आपल्याच जहाजाचें लांकूड इतकें कुजलें होतें असें लिहून द्यावेंसें वाटलें, ही गोष्ट लहान नव्हे.

या लांकडाच्या चिंतेंतूनच इंग्रजांचें लक्ष मुंबईकडे वळलें. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ त सुरतेहून मुंबईस आले, १७५० त येथें कोरडी गोदी झाली, आणि त्यांच्या वंशजांनीं सागवानाचीं जहाजें बांधून नांव मिळविलें. सागाच्या अंगांत तेल असतें, त्यामुळें बुरशी त्याच्या वाटेस लवकर जात नाहीं. ओकाच्या रसानें लोखंड गंजतें, तसें सागांत होत नाहीं. मुंबईस १८१७ त पाण्यांत सोडलेलें 'त्रिंकोमाली' हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगतें आहे.

पण सागाची ही कीर्ति जंगलाजवळ राहणाऱ्यांना महाग पडली. १८०६ त कंपनीनें कॅप्टन वॉटसन यांस मलबारकडील जंगलांचे रक्षक नेमिलें आणि सागावर आपला हक्क सांगितला. ज्याच्या जमिनींत झाड, त्यालाहि तें परवानगीवांचून तोडण्याची बंदी झाली. तक्रारी वाढत गेल्या. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो हेहि या मक्त्याच्या विरुद्ध होते, आणि १८२३ त तो उठला. याच्या जवळजवळ शंभर वर्षें आधीं, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत हाच प्रश्न हाताळलेला आहे. आरमारास साग, शिसव लागतात; तीं स्वराज्याच्या जंगलांतून हुजूरच्या परवानगीनें तोडावीं, उणें पडेल तें परमुलखांतून विकत आणावें; आंबा, फणसहि उपयोगी आहेत, परंतु रयतेनें तीं झाडें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, त्यांस हात लावूं नये; एखादें जीर्ण झाड घ्यावयाचेंच तर धन्याच्या संमतीनें, मोल देऊन घ्यावें, असा त्याचा आशय आहे. राज्यकर्त्याला लांकडाची गरज दोन्ही ठिकाणीं सारखीच होती. झाड कोणाचें, याचें उत्तर तेवढें निराळें होतें.

लहान होडीच्या धन्याला हें उत्तर फार जवळचें असतें. तळ बदलावयाचा म्हणजे लांकूड हवें, आणि साग परवडला नाहीं तर परसांतला आंबा किंवा फणसच उपयोगी पडतो. काम मात्र घाईचें नव्हे. कुजलेली जागा दिसते तेवढीच कापून भागत नाहीं. बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढें गेलेली असते, म्हणून निकोप लांकूड लागेपर्यंत मागें जावें लागतें. सगळ्या फळ्या एकदम काढल्या तर नावेचा आकार पसरतो. एक काढावी, तिच्याच मापानें दुसरी घडवावी, बसवावी, मग पुढच्या फळीस हात घालावा, हा क्रम. अथेन्सच्या लोकांनीं थीसियसची नाव अशीच फळी फळी बदलून जतन केली आणि ती तीच नाव कीं दुसरी, यावर तेथले तत्त्वज्ञ वाद घालीत, असें प्लुटार्क सांगतो. कोळ्याला ही शंका येत नाहीं. त्याची नाव तीच असते.

नवी फळी ओली असतां कामा नये, नाहीं तर सुकतांना सांधे उघडतात. सांध्यांत कापूस ठासून वर तेल व राळ भरतात. आडव्या लांकडांच्या खालून पाणी वाहून एका जागीं जमावें म्हणून तळाशीं जी बारीक खांच ठेवितात, ती बुजूं न देणें हें सर्वांत महत्त्वाचें, आणि नेमकें तेंच विसरलें जातें. हल्लीं पुष्कळ होड्यांवर फायबरचें आवरण असतें. परंतु त्याला तडा जाऊन आंतल्या लांकडाशीं पाणी पोंचलें कीं तें तेथेंच कोंडतें आणि लांकूड न दिसतां कुजत राहतें.

दुरुस्त झालेली लांकडी नाव पाण्यांत लोटली म्हणजे पहिले एक दोन दिवस ती गळतेच. त्यानें कोणी घाबरत नाहीं. एक पोरगा डबा घेऊन आंत बसतो आणि पाणी उपशीत राहतो. तोंवर फळ्या फुगतात, सांधे मिटतात, आणि उपसावयाचें पाणी हळूहळू कमी होतें.